पदरातला कापूस

शाळेची घंटा आमच्या वर्गाच्या दारातच टांगलेली होती. तिच्या धास्तीने मी कानांत कापूस कोंबून बसे, आणि मग बाईंची हाक ऐकूच येत नसे. पोरगी बहिरी तरी आहे नाहीतर वेडसर, डॉक्टरची चिठ्ठी आणा, नाहीतर नाव काढा, असं बाईंनी सांगून टाकलं. मला शाळा हवी होती.

म्हणून आई मला अकोल्याहून अमरावतीला घेऊन गेली. वाटेत तिने बजावलं, "तिथं तू काई बोलू नको. मी सांगतो."

डॉक्टर तिलाच विचारत राहिले. हाकेला ओ देते? "एका हाकेत." मुलींत खेळते? "खेळते न." आवाजाला घाबरते? "नाई जी. चारचौघींसारखीच हाय." माझं डोकंच फिरलं. चारचौघींसारखी! पिठाच्या गिरणीसमोरून जायला नको म्हणून मी केवढा वळसा घेत असे.

शेवटी त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "घरामागं कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला का माह्या दातात दुखते."

डॉक्टर हसले. मुलं काहीही सांगतात, खरं आईलाच ठाऊक, असं म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. शाळा वाचली, पण मी खोटी ठरले.

परतताना बडनेऱ्याला इंजिन शिट्टी देत फलाटात शिरलं. मी कान दाबले. बाजूला पाहते तर आईनेही दाबलेले. शिट्टी थांबल्यावर तिने पदराची गाठ सोडली, आतला कापूस काढला, थोडा मला दिला आणि उरलेला स्वतःच्या कानांत घातला.

"तुले बी होते?" मी विचारलं.

"सगळ्याईलेच होते. सांगाचं नसते."

खेळण्याचं ती खोटं बोलली असेल, आवाजाचं नाही. तिला जे होत होतं ते सगळ्या जगाला होतं, असंच ती धरून चालली होती. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी भ्याले. इतकी वर्षं, हे असं, कुणाला न सांगता? ती भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

मला नोकरी लागली त्याच वर्षी ती गेली. शेजारच्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या नाकात, कानांत कापसाचे बोळे ठेवले. तेवढ्यात घरामागे भोंगा वाजला. माझे दोन्ही हात आपसूक उठले आणि तिच्या कानांवर जाऊन बसले.