चौदा किलो दोनशेचा आवाज

वच्छलाबाईंनी आपल्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते सिंदेवाहीला, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात. त्याची हकीकत त्या पस्तीस वर्षं सांगत आल्या आहेत आणि दर वर्षी तिच्यात थोडी भर पडते. आजच्या घडीला ती अशी आहे. मुखरू लेनगुरे नावाचा तरणा माणूस घरात आला आणि बसण्याआधी त्याने खुर्ची उचलून पाहिली. म्हणाला, "तीन किलो शंभर." मग त्याने पितळी तांब्या उचलला, मग पोह्यांची बशी, मग भिंतीवरचं घड्याळ आणि कोणाला काही कळायच्या आत वच्छलाबाईंचे आजोबा, बाजेसकट. आजोबा वरूनच म्हणाले, "बाज वजा कर बाबू." त्याने बाज वजा केली. शेवटी वच्छला चहाचा ट्रे घेऊन आली. त्याने मान वर न करता तिची पावलं ऐकली आणि सांगितलं, "अठ्ठेचाळीस. ट्रे धरून पन्नास." मावशी जागच्या जागी बेशुद्ध पडली. ती पडल्याचा आवाज ऐकून तो "ब्याहत्तर" असंही म्हणाला, अशी गेल्या दिवाळीपासूनची भर आहे.

यातलं खरं किती हे विचारण्यात अर्थ नाही. एवढं खरं की मुखरूभाऊ मूल गावच्या धान बाजारात मापारी, म्हणजे पोती तोलून देणारे होते आणि चाळीस वर्षांत त्यांच्या काट्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. धानाचं पोतं हातात घेतलं की ते आकडा सांगत आणि काटा नंतर त्यांचंच ऐके. व्यापारी आणि शेतकरी दोघेही मुखरूभाऊंच्या तोंडाकडे पाहत. काट्याकडे पाहायचं ते परक्या तालुक्यातून आलेल्यांनी.

दुसरी गोष्ट त्यांचा कान. गाणं ऐकायला बसले की वच्छलाबाईंनी घराला आग लागल्याचं सांगितलं तरी ते "कडव्यानंतर" म्हणतील. नागभीडच्या एका बंद पडलेल्या साउंड सर्व्हिसकडून त्यांनी एक ॲम्प्लिफायर घेतला होता. वजन बावीस किलो. आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर, मागे पंख्यासारख्या पात्या, आणि अर्धा तास गाणं वाजलं की वर हात ठेवता येऊ नये अशी ऊब. वच्छलाबाई हिवाळ्यात त्याच्यावर दह्याचं विरजण ठेवत. मांजर त्याच्यावर झोपे. गाणं, दही आणि मांजर असा तिघांचा संसार त्या डब्यावर चालला होता.

मुलगी मयुरी इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि पुण्यात घरगुती ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागली. दोन वर्षं खपून तिने आणि तिच्या सोबत्यांनी नव्या तऱ्हेचा ॲम्प्लिफायर तयार केला. पहिल्या खेपेतला एक तिने बाबांना पाठवला. पार्सलवाल्याला गल्ली सापडली नाही म्हणून तो थेट बाजार समितीच्या ओट्यावर आला. तिथे त्या वेळी वीसेक माणसं होती, राइस मिलवाले धनराजभाऊ होते आणि म्हातारा हमाल जंगू होता.

मुखरूभाऊंनी पार्सल उचललं. त्यांचा चेहरा पडला.

"चार किलो दोनशे," ते हळूच म्हणाले. "पुठ्ठा धरून पाच."

धनराजभाऊंच्या घरी अठ्ठावीस किलोचा ॲम्प्लिफायर होता. तो दिवाणखान्यात ठेवायला मिलवरची चार माणसं लागली होती आणि हे ते येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगत. त्यांनी पुठ्ठा फाडून मयुरीचा काळा डबा एका हाताने उचलला आणि हलवून पाहिला.

"मुखरूभाऊ, पोरीनं रिकामा डबा पाठवला का जी? मशीन मांगून येऊन राह्यली?"

ओटा हसला. जंगू म्हणाला, "माह्या बुढीचा पानाचा डबा याच्याहून भारी हाये."

मुखरूभाऊ डबा काखेत मारून घरी आले. त्यांनी डबा जोडला, आपल्या सागवानी खोक्यातल्या दोन स्पीकरांना तारा लावल्या आणि गाणं लावलं. पहिल्या ओळीलाच ते उठून उभे राहिले. तबल्यावर बोट कुठे पडतं ते दिसत होतं. गाणारी बाई ओळीआधी श्वास घेत होती आणि तो श्वास त्यांनी तीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातून वच्छलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोन आलं जी घरात?"

फक्त मांजराला तो पसंत पडला नाही. ते वर चढलं, थंड पत्र्यावर दोन पावलं टाकली आणि अपमान झाल्यासारखं उतरून गेलं.

फोनवर मयुरीने शेततळ्याच्या पाणी सोडायच्या दाराचा दाखला देऊन समजावलं. "बाबा, बोडीचा मोरा अर्धा उघडून हातानं पानी अडवलं तं किती वाया जाते? जुना ॲम्प्लिफायर तसा होता. अडवलेलं सारं तापून जाये, म्हनून एवढं लोखंड लागे. हा मोरा एकतर पुरा उघडते नाईतं पुरा बंद करते. सेकंदाले चार लाख वेळा. वाया जातच नाई, तं तापन काऊन? अन् भारी काऊन राहीन?"

मुखरूभाऊंना पटलं. पण सेकंदाला चार लाख वेळा म्हणजे काय, हे मूलच्या बाजाराला कोण समजावणार? दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाय ठेवला की, "आली का जी मशीन?" तिसऱ्या दिवशी, "पानाचा डबा वाजला का?" स्वतःवर कोणी हसलं तर मुखरूभाऊ सोबत हसले असते. हे हसू पोरीच्या दोन वर्षांच्या कामावर होतं. ते त्यांना भाकरीबरोबर गिळता येईना.

त्यानंतरच्या आठवड्यात वच्छलाबाई धूळ पुसायला गेल्या. रोज त्या डबा डाव्या हाताने उचलून उजव्या हाताने खालचं पुसत. त्या दिवशी डावा हात वर आला आणि डबा आला नाही.

त्यांनी वाकून पाहिलं. मग देवघराच्या खालच्या फळीकडे पाहिलं. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून मुखरूभाऊंची जुनी लोखंडी मापं तिथे असत आणि दसऱ्याला त्यांची पूजा होई. पाच-पाच किलोची दोन मापं जागेवर नव्हती.

"अवो," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "देव कुठी गेले?"

मुखरूभाऊ पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

"सायकलच्या ट्यूबात गुंडाळून बसोले हाये," ते पेपरातूनच बोलले. "तारेले लागत नाई. आत जागा मस्त होती."

"चाळीस वर्षं एक दाना इकडचा तिकडे केला नाई तुमी. अन् आता डब्यात माप घालता?"

"पोरीसाठी घातलं."

"पोरीनं मांगतलं होतं का?"

मुखरूभाऊंनी पान उलटलं. पेपर अजून उलटाच होता.

रविवारी सकाळी मुखरूभाऊंनी सगळ्यांना गाणं ऐकायला बोलावलं. मूलची रीत अशी की वस्तू आधी हातात घ्यायची, मग मत द्यायचं. धनराजभाऊंनी एका हाताने डबा उचलायला घेतला, मग दुसरा हात लावला, मग पाय फाकवून उभे राहिले. "हां! आता कसा! उरलेली मशीन आली वाट्टे?"

"चौदा किलो दोनशे," मुखरूभाऊ म्हणाले. आकडा अगदी बरोबर होता, त्यामुळे तो सांगताना त्यांना घाम फुटला.

गाणं लागलं आणि माणसं हलेनात. जंगूने डोळे पुसले. धनराजभाऊ तिसऱ्या गाण्यानंतर म्हणाले, "आवाजात वजन हाये राजा. हलक्या मशीनीत हे येत नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. वच्छलाबाई चहा देत होत्या. दोन देवांच्या नावे माणसं वाहवा करत होती आणि नवरा प्रत्येक वाहवेला थोडा थोडा खाली बसत होता, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पुढचे आठ दिवस त्याने भाताला नीट हात लावला नाही. बाजारात पोतं उचललं की आकडा सांगण्याआधी थांबू लागला. चाळीस वर्षांत न अडलेला माणूस अडखळत होता. लोक म्हणाले, वय झालं. वच्छलाबाईंना माहीत होतं, आतली दहा किलो त्याच्या अंगावर आली आहेत.

दुसऱ्या रविवारी गर्दी दुप्पट झाली. धनराजभाऊ तर ठरवूनच आले होते. आपला अठ्ठावीस किलोचा काढून त्यांना हाच घ्यायचा होता. त्यांनी सगळ्यांसमोर मयुरीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मयुरी बेटा, मले बी एक पाह्यजे. पन हाच, चौदा किलोवाला."

"काका, आमचा चार किलो दोनशेचाच येते."

"नाई बेटा, चौदा. मी सोता उचलला."

"काका, मी सोता बनोला."

धनराजभाऊंनी फोनवर हात ठेवला आणि खो खो हसत मंडळींकडे वळले. "पाहा! पोरीले आपल्याच मालाचं वजन मालूम नाई! अन् मापाऱ्याची पोरगी!"

सगळे हसले. वच्छलाबाईंनी चहाची किटली खाली ठेवली. नवऱ्याने गप्प राहायचं ठरवलं तर त्याचं नाव शाबूत राहणार होतं आणि पोरगी मूलच्या बाजारात कायमची खोटी ठरणार होती.

"माह्या पोरीचं वजन बरोबर हाये," मुखरूभाऊ उभे राहून म्हणाले. "खोटं माप मी घातलं."

त्यांनी पेचकस आणला. सगळ्यांसमोर झाकण उघडलं, ट्यूबमध्ये गुंडाळलेली दोन्ही मापं काढली आणि पाटावर ठेवली. सरकारी शिक्का वर करून ठेवली, जणू पंचनामा चालला होता. "आता माह्या काट्यावर कोनी भरोसा ठेवू नका. उद्यापासून मी येत नाई."

मग जंगू पुढे झाला. त्याने एक माप उचललं, खाली ठेवलं आणि खूप विचार करून बोलला.

"भाऊ, बाजारात वजनात मारनारे मी लय पाह्यले. सारे कमी देतात. तुमी दहा किलो जास्त देल्ले. चोरी कराले अक्कल लागते जी, ती तुमच्यापाशी नाई. तुमी उद्या या."

पहिलं हसू वच्छलाबाईंचं फुटलं आणि मग घर हादरलं. धनराजभाऊ इतके हसले की त्यांच्या कपातला चहा जंगूच्या धोतरावर गेला. फोन चालूच होता. त्यातून मयुरीचा आवाज आला, "बाबा, तुमी काय काय घातलं आतमंधी?" आणि पलीकडे तिचे सोबतीही हसत असल्याचं ऐकू आलं.

झाकण बसवून गाणं पुन्हा लागलं. नेमकी तेव्हाच धनराजभाऊंची मिल सुरू झाली. रविवारीही त्यांच्या मिलला चैन पडत नाही. आळीतले पंखे मंदावले, ट्यूबलाइट फडफडू लागली, जुना ॲम्प्लिफायर असता तर रेडा हंबरल्यासारखा घुमला असता. नवा ढळला नाही. पडक्या व्होल्टेजवर गाणारी बाई शांतपणे श्वास घेऊन पुढची ओळ म्हणत होती.

धनराजभाऊंनी डबा एका हाताने उचलला, गाणं सुरू असतानाच. अर्धं मिनिट तसाच धरून उभे राहिले.

"आवाज तोच हाये," ते कबूल झाले. "मी गाढव हाये."

"किती किलोचं?" जंगूने विचारलं.

"एक्याऐंशी," मुखरूभाऊ म्हणाले, लगेच, न अडता. वच्छलाबाईंनी त्यांच्या ताटात त्या दिवशी भात दोनदा वाढला.

पुढच्या पावसाळ्यात वीज पडली आणि ॲम्प्लिफायर बंद पडला. पुण्याला पाठवला. झाकण बाहेर उघडलेलं असल्यामुळे वॉरंटी रद्द झाली आहे, असं कंपनीचं पत्र आलं. खाली सही मयुरी लेनगुरे यांची होती.