अंजनाबाईनं मटके धुतले

अंजनाबाई रोटी करत असताना तिच्याशी बोलू नये, असं सारे सांगतात आणि सारेच बोलतात. कारण ती उत्तर देते. पाण्यासारखं सैल अन् रबरासारखं चिवट पीठ एका हातावरून दुसऱ्या हातावर जात असतं, कोपरापर्यंत लोंबत असतं, आणि त्याच दमात ती गिऱ्हाइकाला विचारत असते, "तुमची सून आली का माहेरून?" पीठ मटक्यावर पडतं, चादरीसारखं पसरतं, आणि गिऱ्हाइकानं सुनेचं काय ते सांगेपर्यंत घडी होऊन कागदात जातं. चूल अशी की खाली लाकडं, वर उपडा मटका, आणि मटक्याच्या पाठीवर रोटी. नागपुरात हिला लंबी रोटी म्हणतात. ती लाटत नाहीत आणि तिला तवाही लागत नाही.

नात्यानं ती माझी मोठीआई, म्हणजे थोरली काकू, पण सारी वस्ती अंजनाबाई म्हणते, म्हणून मीही तेच लिहितो. कामठी रोडच्या अलीकडे आमची वस्ती आहे. हवा स्वच्छ असली की कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, नसली तर कुठे आहेत ते कळतं. कोपऱ्यावर तिचे दोन मटके, पलीकडे इंदूबाईचे दोन, आणि पुढे गल्लीत आणखी बाया. हा धंदा अंजनाबाईला सासूकडून आला. सासू बोलायची कमी आणि डोळ्यांनीच रागवायची, असं अंजनाबाई सांगते. तिच्यात बरोबर उलटं आहे.

पूर्वी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की बाया गरम मटके गोणपाटात गुंडाळून घरात पळायच्या. एकदा अंजनाबाईचा मटका गाडीत गेला तो गेलाच. मग मनपानं खाण्याच्या लहान धंद्यांना परवाने दिले. अंजनाबाईनं परवाना प्लास्टिकमध्ये घालून झाडाला टांगला. आता गाडी यायची, हळू व्हायची, गाडीतला माणूस झाडाकडे पाहायचा आणि पुढे जायचा. त्या कागदानं तिला काय दिलं हे तिला कोणी विचारलं, तर ती म्हणायची, "बसू देते मले. अजून काय पाहिजे?"

मग परवान्याच्या नूतनीकरणाच्या वर्षी मनपाच्या सभागृहात नवं धोरण आलं. शहराचा धूर आणि कार्बन कमी करायचा, म्हणून लाकूड-कोळसा जाळणाऱ्या खाण्याच्या धंद्यांचे परवाने पुढे चालू ठेवायचे नाहीत. गॅस घ्या नाहीतर वीज घ्या. सभेत दुपारभर वाद झाला म्हणे. एक जण म्हणाला पोरांना दमा होतो, दुसरा म्हणाला गरिबाच्या पोटावर पाय. शेवटी सगळे दमले तेव्हा करतात तेच केलं, समिती नेमली. समितीनं तंदूरवाले, इस्त्रीवाले, भट्टीवाले यांचं ऐकून घेतलं. रोटीवाल्यांच्या बाबतीत ठरलं की प्रत्यक्ष चाचणी घ्यायची. मटक्यावरची रोटी गॅसवर होत असेल तर परवाना गॅसवर, आणि होत नसेल तर या बायांना लाकडाची सवलत.

इंदूबाईला हे समजलं तेव्हा ती चुलीत लाकूड सरकवत म्हणाली, "आपल्या चुलीनंच शहर तापून राहिलं काय वं? तिकडे कोराडीले कोणी चाचणी घ्याले जाते का?" हे वाक्य तिनं पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, प्रत्येक वेळी नव्यानं सुचल्यासारखं.

चाचणीसाठी अंजनाबाईचा कोपरा निवडला, कारण तिथे साहेबांच्या गाड्या लागतात. आदल्या दिवशी सकाळी इंदूबाई येऊन तिच्या कानाशी लागली. गॅसवर रोटी जमली नाही की झालं, साऱ्यांचं लाकूड वाचतं, तर हात जरा ढिला ठेव, असं तिचं म्हणणं. अंजनाबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती पीठ आपटत राहिली. पण ती घाबरली होती. ती घाबरली की साफसफाई करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की भिंती सोडून सारं घासलं जातं. चौदा एप्रिलला तर भिंतीही सुटत नाहीत. अंजनाबाईनं आधी अंगण झाडलं, मग डबे घासले, मग परात इतकी घासली की तिच्या सुनेला, प्रीतीला, तीत स्वतःचे दात दिसले. त्यानंतर तिची नजर मटक्यांवर गेली. चुलीवर मटका उपडा असतो, तेव्हा त्याचं पोट कोणाला दिसत नाही. पण उद्या साहेब लोकांसमोर तो चुलीवरून काढून गॅसवर ठेवायचा होता. आत काजळी कढईच्या बुडासारखी जमलेली.

प्रीती म्हणाली, "आत्या, राहू द्या नं. तुम्हीच म्हणता, आत पाणी लावू नये."

"साहेबाले काळं दाखवू काय?" अंजनाबाई म्हणाली आणि साबण घेऊन बसली.

नवा मटका आणला की ती तो बरेच दिवस गोवऱ्यांच्या मंद आचेवर ठेवते, वर रोटी टाकत नाही. आतून काजळी धरू देते. तोवर त्याला हात लावणाऱ्याला ती काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही. त्याच बाईनं दोन्ही मटके आतून नारळाच्या शेंडीनं घासले, पाणी ओतलं, पुन्हा घासले. मग उन्हात ठेवले. थंडीचं ऊन होतं. संध्याकाळी तिनं हात फिरवला, कोरडे वाटले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष आमच्याच भागातले नगरसेवक रुपराव. हे पाणी मागतात तेही भाषणासारखं मागतात, "या ठिकाणी, आपल्या सर्वांच्या साक्षीनं, एक ग्लास." सोबत मनपाच्या अभियंता मॅडम. त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या मनीषनगरहून आल्या होत्या, आणि त्यांना प्रत्येक वाक्याला 'या अनुषंगाने' लागायचं, जसं आपल्याला 'का नाई' लागतं. दोन माणसांनी मोठा गॅसचा शेगडा आणि सिलिंडर उतरवलं. गल्लीतल्या सगळ्या रोटीवाल्या बाया, त्यांची गिऱ्हाइकं, आणि मागे भिंतीला टेकून भैय्याजी कुंभार. सगळ्यांचे मटके त्याचेच.

अंजनाबाईनं पहिला मटका शेगड्यावर ठेवला. मॅडम वाकल्या आणि म्हणाल्या, किती स्वच्छ ठेवता. अंजनाबाईला बरं वाटलं. शेगडा भस्सकन पेटला. मटका तापला, तिनं रोटी हातावर खेळवली, लांबवली, मटक्यावर टाकली. टक् असा आवाज झाला. मटक्याच्या पाठीवर एक रेघ आली, ती रोटीखालून निघून काठापर्यंत गेली, आणि अर्धी रोटी घेऊन मटका शेगड्यात बसला.

तिनं दुसरा ठेवला. तो रोटी टाकायच्या आधीच गेला.

इंदूबाईनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं तिला वाईट वाटलं.

रुपरावांनी घसा साफ केला. आपल्या माताभगिनींची कला या यंत्रावर होऊ शकत नाही हे या ठिकाणी सिद्ध झालं आहे, सबब सवलतीची शिफारस करावी, असं ते बरंच लांबवून म्हणाले. बायांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, सवलत ठीक आहे, पण या अनुषंगाने मटक्यांची गुणवत्ताही पाहावी लागेल, असे फुटणारे मटके रस्त्यावर आगीवर ठेवणं धोक्याचं आहे. सवलतीला अट घालू, मटके यापुढे मनपानं ठरवलेल्या पुरवठादाराकडूनच. मग त्यांनी विचारलं, हे कोण बनवतं?

भैय्याजीनं भिंतीपासून पाठ सोडवली. "मी," तो म्हणाला. त्याची नजर फुटक्या मटक्यावर होती.

अंजनाबाई पिठाचे हात तसेच धरून उभी होती.

"मटक्याले काई नका म्हणू मॅडम," ती म्हणाली. "काल मी धुतले. आतून. साबण लावून. ओले राहून गेले असतील."

रुपराव हळूच म्हणाले, "बाई, सवलत भेटून राहिली."

"भेटू द्या. पण त्याचा मटका असा फुटत नाई."

मॅडमनी पेन थांबवलं. "म्हणजे धुतले नसते तर गॅसवर रोटी झाली असती?"

इंदूबाईचा पदर तोंडावरून खाली आला. अंजनाबाईनं शेगड्याकडे पाहिलं, जाळ कुठे आहे, किती आहे, ते बघितलं.

"झाली असती वाटते," ती म्हणाली. "चांगली झाली असती का, ते नाई सांगता येत."

तेव्हा पुन्हा चाचणी ठरली. त्या दिवशी इंदूबाईनं मटका द्यायला नकार दिला, म्हणून भैय्याजीनं स्वतःच्या घरचा जुना, आतून काळाकुट्ट मटका आणला. रोटी झाली. मधे जराशी जळाली, कडेला जराशी कच्ची राहिली, पण झाली. समितीनं खाल्लीही. पुढच्या महिन्यात सभागृहानं ठरवलं की रोटीवाल्यांना सवलत नाही, एका वर्षाची मुदत, शेगडा घ्यायला मनपाची काही मदत, आणि परवाना गॅसवर. पुरवठादाराची अट गेली. जिनं चाचणी दिली तिला पहिला परवाना, म्हणून अंजनाबाईचा कागद लगेच आला. 'इंधन' लिहिलंय त्याच्यापुढे 'एलपीजी' छापलं होतं.

इंदूबाई आली, कमरेवर हात ठेवून. "काहून बोलली वं तू? कोणी विचारलं होतं तुले? हातात आलेली सवलत साबण लावून धुतली."

"भैय्याजीचं नाव खराब करून सवलत घेऊ काय?"

"त्याचं नाव त्यानं सांभाळावं. तो काय तुझा सोयरा आहे?"

"नाई. पण माझ्या सासूचे मटके त्याच्या बापानं केले."

यावर इंदूबाईनं बोलणं बंद केलं. म्हणजे अंजनाबाईशी. बाकी साऱ्यांशी ती अंजनाबाईबद्दलच बोलायची.

गॅसवर हात बसायला वेळ लागला. लाकडाचा जाळ मटक्याच्या पोटभर फिरतो, शेगड्याचा मधेच उभा राहतो. अंजनाबाईनं मटका जरा उंच घेतला, आच कमी केली, रोटी टाकल्यावर मटक्याला हळूच अर्धा फेर द्यायला लागली. पहिल्या आठवड्यात प्रीतीनं जळालेल्या रोट्या घरी आणल्या, आणि आम्ही त्या निमूट खाल्ल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, पहिल्यासारखा धुराचा वास नाही येत. काही इंदूबाईकडे वळली, कारण मुदत संपेपर्यंत तिच्याकडे लाकूड होतं. अंजनाबाईनं त्यांना थांबवलं नाही. तिचा खोकला मात्र कमी झाला. "बिना धुराची रोटी म्हणजे बिना भांडणाचं लग्न," असं ती म्हणाली, आणि हे चांगलं म्हणून की वाईट म्हणून ते तिनं सांगितलं नाही.

मुदत संपत आली तशी इंदूबाई एका दुपारी भैय्याजीच्या चाकाशी येऊन बसली. भैय्याजीचं घर अंजनाबाईच्या कोपऱ्याला लागूनच आहे, आणि अंजनाबाई तिथेच पीठ भिजवत होती. इंदूबाईनं तिच्याकडे पाठ केली आणि भैय्याजीला विचारलं, मोठ्या आवाजात, "का जी भैय्याजी, त्या शेगड्यावर मटका किती उंच ठेवा लागते?"

भैय्याजीनं चाक थांबवलं नाही. तो म्हणाला, मी कुंभार आहे, मले काय माहीत.

"अन् आच?" इंदूबाई म्हणाली. "आच किती ठेवते लोकं? तुमच्या ऐकण्यात आलं असेल."

अंजनाबाईनं पीठ परातीत आपटलं, एकदा, पुन्हा एकदा.

"भैय्याजी," ती म्हणाली, "तिले म्हणा, सकाळी ये. पीठ घेऊन ये. हे सांगून येत नसते."