नव्या मिलचा पहिला भात

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकंही फोडून घेतलं. पण एखादं प्रकरण सांगा म्हटलं, की मला आधी आमगावकडचा एक मिस्त्री आठवतो. त्याच्यावर एकही गुन्हा दाखल नव्हता, आणि तरी तो पोलिसांना जेवढा भ्यायचा तेवढा मुरलेला चोरसुद्धा भीत नाही.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यात ठाणेदार होतो. एसपी साहेबांनी बोलावून घेतलं आणि एक वेगळंच काम अंगावर टाकलं. आफ्रिकेतल्या एका देशात यादवी चालू असताना एका गावातली माणसं राईस मिलच्या गोदामात कोंडून जाळली होती. त्या भागातल्या लष्करी कमांडरवर आता परदेशात आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालू होता. कमांडरचा बचाव एकच होता, 'मी त्या गावात पाऊलही टाकलं नाही.' त्या आगीतून वाचलेल्या एका बाईने जबाबात सांगितलं होतं, की मिल बसवायला हिंदुस्थानातून, गोंदियाकडून, एक फिटर आला होता. गोदामाची चावी त्याच्याकडे असायची. ती कोणी मागून नेली ते त्यालाच ठाऊक. तो फिटर शोधायचा होता.

आता बोला! गोंदियात राईस मिलचा फिटर शोधायचा म्हणजे धानाच्या बांधीत एक लोंबी शोधायची. नाव धड माहीत नाही, नेणारी कंपनी बंद पडलेली. मी बीट जमादारांना कामाला लावलं आणि स्वतः मिलमालकांकडे चहा पीत फिरू लागलो. चौकशीला गेलं की लोक तोंड मिटतात, चहाला बसलं की आपणहून उघडतात.

सौंदडच्या एका मालकाने खबर दिली, तीही तक्रार म्हणून.

"साहेब, फिटर एक नंबर आहे तो. आफ्रिकेत जाऊन आला म्हणतेत. पण लय अडेल आदमी! मशीन चालू करते आन् जेवाच्या आधी निघून जाते. हात जोडले तरी बसत नाई. माह्या बायकोले तं अपशकुनच वाटला."

हे ऐकून मी कप खाली ठेवला. आमच्याकडे नवी मिल सुरू झाली की पहिल्या धानाचा तांदूळ तिथंच शिजवतात. मालक, हमाल, ड्रायव्हर सगळे एका पंगतीत बसतात आणि पहिलं ताट मिस्त्रीला वाढतात. तो त्याचा मान. कोणी पगारावरून भांडेल, पण तो मान सोडून जाणारा मिस्त्री मी ऐकला नव्हता. या माणसाला विचारायलाच हवं होतं.

साक्षीदाराची नोटीस देऊन त्याला ठाण्यात बोलावलं. पन्नाशीचा, मजबूत हाताचा, स्वच्छ पांढरा शर्ट. खुर्ची दिली तर टोकावर बसला.

"परदेशात होतात ना काही वर्षं?"

"मी आफ्रिकेत कधी गेलोच नाई जी."

"आफ्रिकेचं नाव मी कुठं घेतलं?"

झालं, गडी घामाघूम. पण त्यापुढे एक अक्षर बोलेना. मी समजावलं, दरडावलं, हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं. त्याचं एकच, "मले काई मालूम नाई." खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा गप्प बसत होता, म्हणजे मनात काहीतरी फार जड होतं. मी त्याला घरी जाऊ दिलं. आरोपी असता तर वेगळी गोष्ट, साक्षीदाराला ठाण्यात दाबून बसवणं मला पटत नव्हतं.

दोन-चार दिवसांनी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. तो शेतावर होता. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. त्याच्या बायकोने काळा चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "साहेब, यायनं तिकडं कोणाचा जीव घेतला का जी? खरं सांगा. आल्यापासून खाकी दिसली का रस्ता बदलून राहिले. मी इतक्या वर्षांपासून विचारून राहिली, काऊन असे करता, तं नुसते रडतात."

मला एकदम उलगडा झाला. हा माणूस कमांडरला घाबरत नव्हता. तो आम्ही त्याला पकडायला येऊ म्हणून घाबरत होता!

त्या परदेशातल्या न्यायालयाच्या तपास अधिकारी बाईंशी मी त्याच दिवशी फोनवर बोललो. वाचलेल्या बाईने फिटरबद्दल आणखी काय सांगितलंय ते विचारून घेतलं, त्याला सांगायची परवानगीही घेतली आणि परत त्याच्या अंगणात गेलो. तो हातपाय धूत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, त्या गोदामातून एक बाई जिवंत बाहेर आली. मागचा पत्रा कोणीतरी उचकटला म्हणून. ती म्हणते, तो माणूस हिंदुस्थानी होता."

तो तसाच ओल्या हातांनी खाली बसला.

"जित्ती हाय?"

"जिवंत आहे. लेकरासकट."

"अरे बाप्पा," एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. बायको धावत बाहेर आली.

मग तो बोलला. नवी मिल सुरू झाली तेव्हा त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे तिथंही पहिला भात शिजवायला लावला होता. सगळं गाव जेवलं. गावाबाहेर तळ टाकलेला कमांडर पाहुणा म्हणून आला. मिस्त्रीने त्याला आपल्या हाताने वाढलं, कमांडर त्याच्यासमोर बसून जेवला. दुसऱ्या दिवशी तोच कमांडर शिपाई घेऊन आला, छातीला बंदूक लावली आणि गोदामाची चावी मागितली.

"मी देल्ली जी. जिवाच्या भेवानं देल्ली. माह्यासमोर त्यानं लोकाइले आत कोंबलं, शिपायाइले कुलूप लावाले सांगितलं. मी मागून जाऊन कोंड्याच्या बाजूचा पत्रा उचकटला. थोडासाच निघाला. तेवढ्यात आग लागली. मले वाटलं कोणीच नाई वाचलं. चावी माही होती साहेब. मंग मी खुनीच झालो ना?"

मी त्याला सांगितलं, आणि ठाणेदार म्हणून सांगितलं, "नाही. तू खुनी नाहीस. पण पाहिलंस ते सांगितलं नाहीस, तर जो खुनी आहे तो सुटेल."

तो बायकोकडे पाहत राहिला. ती म्हणाली, "सांगून टाका."

गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात व्हिडिओच्या पडद्यावरून त्याची साक्ष झाली. नाव गुप्त ठेवायची सोय होती, चेहराही झाकता आला असता. त्याने चेहरा झाकायला नकार दिला. "त्यानं मले वळखाले पायजे," म्हणाला. कमांडर पडद्यावर दिसताच त्याने बोट दाखवलं. पहिल्या भाताची पंगत सांगितली, कोण कुठं बसलं तेही सांगितलं. गावात पाऊल टाकलं नाही म्हणणारा माणूस त्या गावात पोटभर जेवून गेला होता, हे सगळ्या न्यायालयाने ऐकलं.

मग बचावाचे वकील उठले. दुभाष्यामार्फत मोठ्या चलाखीने विचारलं, "म्हणजे गोदामाची चावी तुम्हीच दिलीत?"

हाच प्रश्न त्याला इतकी वर्षं खात होता. मिस्त्रीने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"हो जी, मीच देल्ली. लिहून घ्या. माह्या वाटचं मी सांगितलं. आता त्याले म्हणा, तुह्या वाटचं तू सांग."

पडद्यावर कमांडरने मान खाली घातली. नोकरीत मोठमोठ्या अधिकाऱ्यांना मी सलाम ठोकले, ते शिस्त म्हणून. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी या मिस्त्रीला सलाम केला, तो मनापासून. हजारो मैलांवरचा गुन्हा, मोठं न्यायालय, मोठे कायदे, हे सगळं शेवटी एका माणसाच्या हिमतीवर येऊन थांबतं. आपल्या वाट्याचं झाकून दुसऱ्याचं उघडं पाडणारे साक्षीदार मी खूप पाहिले होते. आधी स्वतःचं सांगणारा हा एकच.

निकाल लागायला बराच काळ गेला. कमांडर दोषी ठरला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. बातमी कळताच मी मिस्त्रीला फोन केला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले कायले सांगता साहेब? त्या बाईले कोणी सांगितलं का जी?"