बोगद्याला झाकण

२०२२ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. बेव्हर्ली पार्क या वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक जण राहायचा, माझ्याहून बराच लहान. खिडकीमागच्या बागेत तो छोटी रेल्वे चालवायचा. तिचे पूल स्वतः बनवायचा आणि प्रत्येक पुलावर आधी वीट ठेवून बघायचा. गाडी सोडताना लोकलच्या दारातल्या गर्दीला म्हणतात तसं पुटपुटायचा, "चला, दार सोडा." वाद घालणं मात्र त्याला ठाऊकच नव्हतं.

बोगदा तो पत्र्याचा करणार होता, वरून उचलता येईल असा. मी जन्मभर गवंडीकाम केलेलं. म्हटलं, "अहो साहेब, बोगदा आहे की भाताचं पातेलं? झाकण कसलं लावताय?"

"गाडी आत अडकली तर हात घालायला, काका."

"माझ्या बोगद्यात नाही अडकत."

तो हसून बाजूला झाला. मी विटा-सिमेंटचा पक्का बोगदा बांधून दिला, चांगला चार हात लांब, वळणाचा.

महिनाभरात इंजिन आत अडकलं. त्यानं ते वर्षभर खपून स्वतः जुळवलं होतं. हात पुरेना, वळणामुळे काठीही पोचेना. गुडघ्यांवर बसून तो आत बघत राहिला.

मी म्हटलं, "इंजिनच हलकं असेल तुमचं."

"असेल, काका. पण तुमचं काम सुंदर झालंय, ते फोडायला नको," म्हणाला आणि इंजिन आत तसंच सोडून बोगद्याच्या बाहेरून रूळ वळवायला लागला.

भांडला असता तर मीही चार शब्द सुनावले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठायच्या आत मी छिन्नी-हातोडी घेऊन गेलो आणि बोगद्याचा माथा फोडला.