सर्व्हरवरची तिची जागा

सचिन गावात साड्या छापणाऱ्या एका मिलच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. पाच-सहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आणि सगळ्यांचं काम साठवणारा एकच सर्व्हर. त्याची हार्डडिस्क किती भरली, कुणामुळे भरली, हे बघून दर शनिवारी आमच्या गुजराती शेठना कागद द्यायचा, हे माझं काम. शेठ त्या कागदावर चहाचा कप ठेवायचे.

मग डिझाइनला एक मुलगी आली. राहायला बमरोलीला, वडील लूमवर कामाला, घरात अहिराणी. माझ्यासारखा डिप्लोमा नव्हता, पण हात असा की वेल काढली तर ती वाऱ्यावर हलतेय असं वाटावं. ती कागदावर काढायची, स्कॅन करायची, मग प्रत्येक रंगाची वेगळी फाइल करायची. अकाउंट्सचं वर्षभराचं काम मावेल एवढी जागा तिची एक साडी खायची.

दर शनिवारी तिच्या नावापुढचा आकडा फुगलेला असायचा आणि तो मला टोचायचा. मी घरी माझ्या वडिलांनाही सांगायचे, डिस्कची काळजी वाटते. काळजी कसली! माझं काम नीट झालं की ऑफिसात काहीच घडायचं नाही. तिचं झालं की शेठ खुर्चीतून उठून तिच्या स्क्रीनपाशी जायचे, व्यापाऱ्यांना बोलवून दाखवायचे. "जुओ, आपणी बेननुं काम!" मीही त्यांची बेनच होते, पण 'आपणी', आपली, कधी झाले नाही.

एका शनिवारी मी कागद शेठच्या हातातच दिला.

"शेठ, दिवाळीच्या सीझनआधी डिस्क भरेल. मोठी घ्यावी लागेल, नाहीतर जुनी डिझाइन्स काढावी लागतील."

"डिझाइन काढायची?" ते हसले. "एज तो आपणो धंधो छे, बेन. तुमचं काय आहे त्यात, ते काढा ना."

माझं म्हणजे रंगांच्या स्टॉकचा प्रोग्राम, कित्येक महिने खपून लिहिलेला, आणि त्याचे जुने रिपोर्ट. ते मी एकेक करून फ्लॉप्यांवर उतरवत बसले. ती मागे येऊन उभी राहिली.

"ताई, माझ्यामुळं तुम्हाला त्रास."

"छे गं," मी म्हणाले आणि पुढची फ्लॉपी जरा जोरातच ढकलली. ती खरंच वाईट वाटून उभी होती, याचाही मला राग आला. निदान गर्विष्ठ तरी असायला हवी होती.

सीझन संपता संपता तिनं नोकरी सोडली. पर्वत पाटिया भागातल्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं तिला बोलावलं होतं. शेठनी तिच्याच डिझाइनची साडी देऊन निरोप दिला. त्यानंतरच्या शनिवारी तिच्या नावापुढचा आकडा जिथल्या तिथे. पुढच्याही. मग एकदा शेठनी कप बाजूला सारून कागद वाचला.

"अरे वाह! डिस्कवरची जग्या भरायची थांबली! काय केलंत, बेन?"

"काही नाही."

"शाबाश, शाबाश."

हा शब्द ऐकायला मी किती तळमळले होते. तो मिळाला, तर समोर तिची रिकामी खुर्ची होती आणि जेवणाचा डबा उघडावासा वाटेना.

थोड्या दिवसांनी तिचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"ताई, इथं डिस्क भरली म्हणतंय. सेव्हच होत नाही. काय करू?"

"दर आठवड्याला बघत नाही का कुणी?"

"इथं कोण बघणार? तुमच्यासारखं कुणी नाही."

मी फोनवरूनच तिला एकेक पायरी सांगितली. आधी कुठल्या फाइली फ्लॉपीवर घ्यायच्या, कुठल्या पुसल्या तरी चालतील. जागा झाली, डिझाइन सेव्ह झालं. "वाचवलंत हो ताई," ती म्हणाली. दुपारभर मी खुशीत होते. कधी नव्हे ते अकाउंट्सवाल्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला तिनं पुन्हा फोन केला. बोलता बोलता म्हणाली, "इथल्या शेठना सांगितलं, तर सकाळीच नवीन मशीन आणलं. डिस्क केवढी मोठी! माझ्या एकटीसाठी."

"वा," मी म्हणाले.

मी महिनोन्‌महिने कागद देत होते. तिनं एकदा सांगितलं होतं.

"या ना ताई एकदा बघायला," ती म्हणाली.

"येते," म्हणाले. पर्वत पाटियावरून नंतर अनेकदा गेले, पण तिच्या ऑफिसचा जिना कधी चढले नाही.