गाडीला पळीभर तेल

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लालबागच्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा. गाडीच्या बाबतीत तर विचारूच नका. टॅक्सी माझी स्वतःची होती, जुनी होती, आणि तिच्यावर आम्हा तिघांचं घर चालायचं. मी, बायको आणि आई. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी काढून फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून बघायची, कमी दिसलं तर डब्यातलं थोडं ओतायचं. हे झाल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नसे. आई वरून गॅलरीतून बघायची आणि म्हणायची, इतकं देवाचं केलं असतंस तर देव कधीच पावला असता.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात मी पकडला गेलो तो नवरात्राच्या तोंडावर. घट अजून बसायचे होते. गाडी चाळीच्या बाजूच्या गल्लीत, चाकाला दगड लावून उभी राहिली. तुरुंगात मुंबई आपल्याला मिळणार की नाही याची जितकी काळजी वाटायची तितकीच त्या गाडीची वाटायची. सोबतच्यांना हे सांगितलं नाही, उगाच हसले असते.

सुटून आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मी जेमतेम हातपाय धुतले आणि खाली पळालो. बॅटरी उतरलेली होती, म्हणून हँडल मारलं. चारपाच हिसक्यांत इंजिन सुरू झालं, आणि मागून असा निळा धूर निघाला की पहिल्या मजल्यावरच्या बायका वाळत घातलेले कपडे ओढून आत घ्यायला लागल्या. इंजिन अडखळत होतं, खोकत होतं. मी ते बंद केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागणार, गाडी कितीतरी दिवस उभी राहणार, घरात चूल पेटायची कशी, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. मी गल्लीत उभा राहून ओरडलो, माझ्या गाडीला हात कोणी लावला म्हणून. आई गॅलरीत उभी होती. ती आत गेली.

थोड्या वेळाने बायको खाली आली. ती फार बोलणारी नाही, पण त्या दिवशी एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. आमच्याकडे घट बसले की अखंड दिवा लावतात, आणि दिव्यातलं तेल खाली जायची वाट बघायची नसते, त्याआधीच घालायचं असतं. मी आत होतो म्हणून आईने दसऱ्यानंतरही तो दिवा शांत होऊ दिला नव्हता. रोज संध्याकाळी दिव्यात तेल घातलं की ती माझा कॉटखालचा इंजिनाच्या तेलाचा डबा काढून खाली यायची. बायको बॉनेट उचलून धरायची आणि आई पूजेच्या पळीने एक पळी तेल इंजिनात घालायची. पट्टी बिट्टी तिने कधी काढली नाही. देवाच्या दिव्याला कोण पट्टी लावून बघतं?

"आता आई कोपऱ्यात बसल्यात," बायको म्हणाली. "म्हणतात, माझ्या हातान लेकराची गाडी मेली."

मला रडू आलं, ते मी खोकून घालवलं. मग चाळीतल्या चौघांना हाक मारून गाडी ढकलत सपाट जागेवर आणली. गल्लीला उतार होता, आणि उतारावर तेलाचं माप खरं लागत नाही. तेल खाली बसेपर्यंत एक विडी ओढली, पट्टी पुसून घातली आणि काढली. वरच्या खुणेच्याही कितीतरी वर तेल, आणि त्यावर फेस. तेल एवढं वर आलं की आतला दांडा फिरताना त्यालाच घुसळतो, मग धूर येणार नाही तर काय होणार. रिंगा गेल्या नव्हत्या. माझा जीव भांड्यात पडला.

गाडीखाली निजलो, तेलाच्या चेंबरच्या नटाखाली घमेलं ठेवलं आणि नट सैल केला. थोडं तेल सोडायचं, नट आवळायचा, बाहेर येऊन पट्टी बघायची, पुन्हा आत. घमेल्यात तेल साठत गेलं तसं मला एकेक संध्याकाळ दिसत गेली. संधिवाताने धरलेले गुडघे, आमचा तो उभा जिना, एका हातात डबा आणि एका हातात पळी. तुरुंगात असताना मला वाटायचं, आपली आठवण काढणारं तिकडे कोण असेल. मूर्खच मी.

तेल खुणेवर आलं. तिथे थांबायला हवं होतं, पण मी मुद्दाम अजून थोडं काढलं आणि नट पक्का आवळला. प्लग पुसले, हँडल मारलं. थोडा धूर आला, मग विरळ झाला, आणि इंजिन नेहमीच्या आवाजात चालू लागलं. ते बंद करून मी वर गेलो. आईला म्हटलं, "आये, तेल कमी पडता गो. तुझी पळी घेऊन चल."

ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलतोय का ते बघत होती. मग पदर खोचून उठली आणि एकेक पायरी धरत खाली आली. मी तिला पट्टी दाखवली, तेल कुठे आहे, खूण कुठे आहे. तिने पळीभर घातलं. मी बघितलं आणि अजून घाल म्हटलं. पुन्हा बघितलं, पुन्हा घाल म्हटलं. ती घालत गेली आणि मी शेवटी म्हणालो, "पुरे."

ती लगेच थांबली. तेलाने माखलेली पळी हातात धरून ती म्हणाली, "तू हंय असतस तर खंय थांबूचा ता माका कळला असता."

तिचे हात तेलाचे झाले होते, ते मी माझ्या सदऱ्याला पुसून घेतले.