सबनीसांची मदरबोर्डची फाईल

दिनकर सबनीसांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दिल्लीत, नेहरू प्लेसच्या संगणक बाजारातल्या एका दुकानाच्या काउंटरवर. त्यांच्यामागे रांग होती. ती दुकानातून निघून, जिना उतरून, मेट्रो स्टेशनला वळसा घालून थेट कालकाजीच्या देवळापर्यंत गेली असावी, कारण शेवटच्या काही जणांच्या कपाळाला टिळे होते. रांगेत लागताना ज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, असा एक जण आता दाढी खाजवत होता. आणि सबनीस? ते खिशातली पोलादी पट्टी काढून शांतपणे मदरबोर्ड मोजत होते.

"आटपा हो लवकर," मी पुटपुटलो.

"अरे वा, मराठी!" त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. "लिहा. लांबी चोवीस पॉइंट चार सेंटिमीटर. रुंदी सांगतो, थांबा."

मी लिहिलं. त्या क्षणापासून मी त्यांच्या खरेदी समितीचा सदस्य आहे. सबनीस मयूर विहारात आमच्याच सोसायटीत, माझ्या वर दोन मजले राहतात, हे मला परतीच्या मेट्रोत कळलं. तोवर उशीर झाला होता.

सबनीस तीस वर्षं एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेले कूलर डिसेंबरात पोचतात आणि हीटर मे महिन्यात. पण एकाही फाईलवर आजवर ऑडिटची शंका निघालेली नाही, हे ते दुसरा कुणी मुलगी बोर्डात पहिली आली म्हणून सांगेल अशा थाटात सांगतात. मुलगी त्यांनाही आहे, अनुष्का. हे सगळं प्रकरण तिचंच.

अनुष्का कॉलेजच्या गेमिंग टीममध्ये होती. पाच जणांची टीम, जानेवारीत गुडगावला स्पर्धा, त्याआधी घरून रोज सराव. तिचा संगणक ऐन गोळीबारात अडकायचा आणि चित्र पुन्हा हलायला लागेपर्यंत ती मेलेली असायची. कॅप्टनने बजावलं होतं, एकतीस डिसेंबरपर्यंत मशीन सुधार, नाहीतर तुझ्या जागी अमोल. ती बापाकडे गेली. ऑक्टोबर महिना होता. सबनीस म्हणाले, "मी बघतो." खरेदी विभागातल्या माणसाचं 'मी बघतो' म्हणजे काय असतं, हे पोरीला कळायला हवं होतं.

त्यांनी फाईल उघडली. खरीखुरी, फीत बांधलेली. ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, "सबनीस, मूळ बोर्डच जुना असेल," म्हणून त्यांनी वर लिहिलं: 'विषय : कन्येच्या संगणकासाठी मदरबोर्ड खरेदी.' मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पोटातली ती पाटी, जिच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात. अशा अकरा पाट्यांचा त्यांनी तुलनात्मक तक्ता केला. रकाने त्रेचाळीस. त्यात स्क्रूंची संख्या होती, खोक्याचा रंग होता, दुकानदाराचं वर्तनही होतं.

एका रविवारी चहाला बसलो असताना तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला होता. एक कोपरा पोह्यांच्या बशीखाली.

"बाबा, यार, बोर्ड ठीक आहे," अनुष्का म्हणाली. "रॅमची एकच पट्टी आहे त्यात. शेजारची जागा रिकामी आहे. अजून एक टाकली की बस. दहा मिनिटांचं काम."

"फाईलचा विषय वाच."

"मदरबोर्ड खरेदी."

"मग त्यात रॅम कुठून आली? रॅमची वेगळी फाईल होईल. आधी ही बंद होऊ दे."

"अगं, मलाही त्यांनी तीन स्थळांचा तक्ता करूनच पसंत केलं," पद्मजावहिनी म्हणाल्या. "बाकी दोघींचे कागद अजून कपाटात आहेत."

"ते ठेवावेच लागतात," सबनीस म्हणाले. "उद्या कुणी विचारलं तर?"

दुकानदार अंकुरनेही हात जोडले. "अंकल, बोर्ड बदलने से गेम तेज़ नहीं होगा. रैम डलवा लो, बिल्कुल ठीक चलेगा." आयुष्यात पहिल्यांदाच त्याने गिऱ्हाइकाला स्वस्त माल घ्यायची विनवणी केली असेल. सबनीसांनी त्याच्यासमोरच फाईलवर नोंद केली: 'विक्रेत्याचे मत विषयाबाहेरचे.'

नोव्हेंबरात दोन बोर्ड उरले. त्यातला एक कंपनीनेच बनवायचा बंद केला. साधा माणूस म्हणाला असता, बरं झालं, दुसरा घेऊ. सबनीस म्हणाले, एकाच मालात तुलना होत नाही. पुन्हा अकरा बोर्ड, पुन्हा त्रेचाळीस रकाने, पुन्हा पोलादी पट्टी. मला पाहिलं की अंकुर दुकानाचा दिवा मालवायचा.

एकोणतीस डिसेंबरला अनुष्काचा आवाज माझ्या घरापर्यंत आला. "परवा शेवटची तारीख आहे, बाबा!"

"समितीची बैठक दोन जानेवारीला आहे."

"समिती म्हणजे आई आणि खालचे काका!"

"काका बाहेरगावी चाललेत."

मी नोएडाला भाच्याकडे चाललो होतो. मेट्रोने पंधरा मिनिटं. पण नोएडा उत्तर प्रदेशात येतं, आणि सबनीसांच्या लेखी परराज्यात गेलेला माणूस दौऱ्यावर असतो.

दोन तारखेला बैठक झाली. मी सही केली, वहिनींनी सही केली, ठराव एकमताने मंजूर. सबनीसांनी नवा बोर्ड मेट्रोतून मांडीवर घेऊन आणला, एका बाईने उठून त्यांना जागा दिली. घरी तो त्यांनी स्वतः, मोठ्या मायेने, एकही स्क्रू न चुकवता बसवला.

"लाव बेटा गेम," ते म्हणाले.

अनुष्काने लावला. गोळीबार सुरू झाला आणि चित्र अडकलं.

गुडगावला अमोल खेळला. नव्या बोर्डावर रॅमच्या चार जागा आहेत. त्यातल्या तीन रिकाम्या आहेत.